कोऱ्या डिस्कची मोजणी

डेस्कटॉपमध्ये दुसरी हार्ड डिस्क बसवली, मशीन चालू केलं, ‘धिस पीसी’ उघडलं, तर तिथे जुना सी ड्राइव्ह एकटाच. नवीचा पत्ता नाही. डिस्क खराब निघाली म्हणून कितीतरी जण इथूनच तडक दुकान गाठतात. बहुतेक वेळा ती ठणठणीत असते. स्टार्टवर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. खाली एक काळी पट्टी दिसेल, ‘अनअलोकेटेड’. पुढच्या दोन मिनिटांत या पट्टीचं जे होतं, ते मला डिस्कच्या आतल्या यंत्रापेक्षाही नवलाचं वाटतं.

तसं यंत्रही काही साधं नाही. साडेतीन इंची डिस्कमधल्या तबकड्या सहसा मिनिटाला ७,२०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला १२०. कडेचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या पुढे जातो. वाचणारं हेड त्यांच्यापासून जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. धुराचा कणही त्या फटीत शिरणार नाही. १९५६ साली आयबीएमने आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर मिळून मावायची ५० लाख अक्षरं!

जोडणी त्यामानाने किरकोळ. प्लग काढायचा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवायची, डिस्क खाचेत सरकवून स्क्रू आवळायचे, आणि डेटा व पॉवर अशा दोन केबल लावायच्या. साटाच्या कनेक्टरची खाच इंग्रजी ‘एल’सारखी असते, त्यामुळे तो उलटा बसतच नाही. जोर लावावा लागला तर समजा, बाजू चुकली.

आता ती काळी पट्टी. तबकडीवरचे मार्ग आणि सेक्टर कारखान्यातच आखलेले असतात. एक टेराबाइटच्या डिस्कवर ५१२ बाइटचे जवळजवळ दोन अब्ज. म्हणजे जमीन आहे, पण सातबारा नाही. कुठला तुकडा कोणाचा, मोकळा कोणता, याची नोंदच नाही.

विंडोज आधी विचारतं, एमबीआर की जीपीटी? एमबीआर ही जुनी पद्धत. ती सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिते, त्यामुळे साधारण २.२ टेराबाइटांवर तिचे आकडेच संपतात. पुढची जमीन मोजणीबाहेर. जीपीटीला ही अडचण नाही. शिवाय ती भलतीच सावध. पहिल्या सेक्टरमध्ये ती एक लटकी एमबीआर लिहून ठेवते, ‘सगळी जागा व्यापलेली आहे’. एखाद्या जुन्या प्रोग्रामने मोकळं रान समजून नांगर घालू नये म्हणून! आणि स्वतःच्या नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या पार शेवटी ठेवते.

मग ‘न्यू सिम्पल व्हॉल्यूम’, एनटीएफएस, ‘क्विक फॉरमॅट’वर टिक. काही सेकंदांत काळी पट्टी निळी होते. पुसलं काय? काहीच नाही. उलट लिहिलं गेलं, तेही दोन अब्ज सेक्टरांच्या मानाने नगण्य. त्यात फाइलींची मुख्य नोंदवही, आणि दर चार किलोबाइटच्या तुकड्यामागे एक बिट: भरलेला की मोकळा. अख्ख्या टेराबाइटचा हा हिशेब अवघ्या ३० मेगाबाइटांत मावतो.

पट्टीवर १,००० ऐवजी ९३१ जीबी दिसले तर दुकानदाराला बोल लावू नका. डिस्कवाले हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १,०२४ च्या.

जुनी डिस्क फॉरमॅट करताना मात्र हीच करामत अंगाशी येऊ शकते. ‘डिस्क ०’ आणि ‘डिस्क १’ यांतली आपली कोणती, हे आकारावरून दोनदा ताडून पाहा. आणि तबकडीवाली जुनी डिस्क विकायची असेल, तर क्विक फॉरमॅटवर भागवू नका. त्याने सातबारा फाटतो, पीक शेतात उभंच राहतं. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर असलेला कोणीही ते कापून नेईल. ‘क्विक फॉरमॅट’वरची टिक काढली, की विंडोज व्हिस्टापासून पुढे प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिलं जातं. त्याला काही तास लागतात. रात्री लावून झोपा.