कृत्रिम बुद्धिमत्ता, जीवविज्ञान आणि भिलाईच्या परिसरातील सिकलसेल

भिलाई हे नाव अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या संदर्भात परिचित असते. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने येथे पोलाद कारखाना उभारण्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. या औद्योगिक शहरालगत कुटेलाभाठा येथे आता भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे, म्हणजे आयआयटी भिलाईचे संकुल उभे आहे. २०१६ मध्ये रायपूर येथील तात्पुरत्या जागेत सुरू झालेल्या या संस्थेचे कायमस्वरूपी संकुल २० फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांनी राष्ट्राला अर्पण केले. संगणकशास्त्र व कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या जोडीने जीवविज्ञान व जैववैद्यकीय अभियांत्रिकी हेही या संस्थेतील अध्ययनाचे विषय आहेत.

ही संस्था ज्या दुर्ग जिल्ह्यात आहे, तो जिल्हा सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या पट्ट्यात मोडतो. हा विकार केवळ आदिवासींचा आहे, असा एक समज स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतूनही आढळतो. छत्तीसगडच्या मैदानी भागात मात्र तो साहू, कुर्मी यांसारख्या शेतकरी समाजांत आणि अनुसूचित जातींतही मोठ्या प्रमाणावर आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने जीवविज्ञानात अलीकडे जी झेप घेतली, तिचे मोल नेमके किती, हे तपासण्यासाठी याहून योग्य उदाहरण सापडणे कठीण. कारण रेणूच्या पातळीवर उलगडलेला हा जगातील पहिला रोग होय. आणि तरीही त्याचे असंख्य रुग्ण आज उपचारांपासून दूर आहेत.

रोगाचे स्वरूप

हिमोग्लोबिन हे तांबड्या पेशींतील प्राणवायू वाहून नेणारे प्रथिन. सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळे असते, हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखविले. पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हा फरक नेमका शोधला : १४६ अमिनो आम्लांच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलेले असते. बदल एवढाच. परंतु प्राणवायू सोडून दिल्यावर असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याचे ताठ तंतू बनतात. पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर अशी पेशी १० ते २० दिवसांत नष्ट होते. असह्य वेदनांचे झटके, रक्तक्षय, वारंवार होणारे जंतुसंसर्ग आणि अवयवांची हानी हे त्याचे परिणाम होत.

दोष आई व वडील या दोघांकडूनही आला तर रोग होतो, एकाकडूनच आला तर व्यक्ती केवळ वाहक ठरते. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्याला रोग होण्याची शक्यता २५ टक्के असते. मलेरियापासून वाहकांना काही प्रमाणात संरक्षण मिळते. त्यामुळेच मलेरियाग्रस्त प्रदेशांत हे जनुक टिकून राहिले. भारतात हे जनुक प्रथम १९५२ मध्ये निलगिरी परिसरातील आदिवासींमध्ये आढळले. छत्तीसगड ज्या जुन्या मध्य प्रांताचा भाग होता, त्या प्रांताची राजधानी नागपूर. तेथील आर. एन. शुक्ला व बी. आर. सोलंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा निबंध १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे भिलाईची झोतभट्टी पेटण्याच्या आधीच या रोगाची नोंद या प्रदेशात झाली होती.

प्रथिनांचा आकार आणि संगणक

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. ती विशिष्ट प्रकारे दुमडते आणि तिच्या त्रिमितीय आकारावर तिचे कार्य अवलंबून असते. हा आकार प्रयोगाने शोधणे अतिशय कष्टाचे. मॅक्स पेरुट्झ यांनी हिमोग्लोबिनवरील काम १९३७ मध्ये हाती घेतले आणि त्याची रचना हाती यायला १९५९ उजाडले. दुमडताना साखळीतील कोणते कोन शक्य आहेत, हे मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडले. ‘रामचंद्रन आलेख’ आजही जगभर वापरला जातो.

अमिनो आम्लांच्या क्रमावरून आकार ओळखण्याची जागतिक स्पर्धा १९९४ पासून दर दोन वर्षांनी होते. २०२० च्या स्पर्धेत डीपमाइंड या कंपनीच्या ‘अल्फाफोल्ड’ प्रणालीने १०० पैकी ९२.४ इतके मध्यमान गुण मिळविले. ही अचूकता प्रयोगाच्या तोडीची मानली गेली. जुलै २०२२ पर्यंत २० कोटींहून अधिक प्रथिनांचे अनुमानित आकार सर्वांसाठी खुले झाले. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना या कामाबद्दल, तर डेव्हिड बेकर यांना संगणकाच्या साह्याने नवी प्रथिने रचल्याबद्दल विभागून देण्यात आले.

या यशाची एक बाजू अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विशेष लक्षात घ्यावी. अल्फाफोल्ड शिकली ती प्रयोगशाळांनी शोधलेल्या सुमारे १ लाख ७० हजार रचनांवरून. या रचना १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘प्रोटीन डेटा बँक’ या खुल्या साठ्यात जमा होत्या. त्यांच्यामागे अर्धशतकाचे आणि बव्हंशी सार्वजनिक निधीवर चाललेले काम होते. खासगी कंपनीचे यश सार्वजनिक वस्तूच्या पायावर उभे राहिल्याचे इतके स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकांतही विरळाच.

आता हीच प्रणाली सिकलसेलला लावून पाहू. निरोगी व सदोष बीटा साखळीचे क्रम तिला दिले तर दोन्हींचे आकार जवळजवळ एकसारखेच येतात. यात प्रणालीची चूक नाही. प्रत्यक्षातही ते तसेच आहेत. रोग एका रेणूच्या आकारात नसून रेणूंच्या परस्परांना चिकटण्यात आहे. एका रेणूच्या पृष्ठभागावरील व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खाचेत बसते आणि तंतू वाढू लागतो. मे २०२४ मध्ये जाहीर झालेली अल्फाफोल्डची तिसरी आवृत्ती रेणूंच्या परस्परसंबंधांचेही अनुमान करते. तथापि तंतू कधी आणि किती वेगाने वाढेल, हे पेशीतील हिमोग्लोबिनची घनता, प्राणवायूचे प्रमाण आणि गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन किती शिल्लक आहे, यांवर ठरते. ही माहिती प्रथिनाच्या क्रमात नसते. ती रुग्णाच्या रक्तात असते आणि तेथेच मोजावी लागते.

रेणूपासून रुग्णापर्यंत

‘व्हॉक्सेलोटॉर’ या औषधाची हकिगत या दृष्टीने बोलकी आहे. हिमोग्लोबिनने प्राणवायू धरून ठेवावा म्हणजे तंतू बनणार नाहीत, या तर्कशुद्ध कल्पनेवर ते बेतलेले होते. रक्तातील हिमोग्लोबिन वाढल्याच्या पुराव्यावर अमेरिकेत २०१९ मध्ये त्याला मान्यता मिळाली. सप्टेंबर २०२४ मध्ये मात्र वेदनांचे झटके व मृत्यू यांविषयीची चिंताजनक आकडेवारी पुढे आल्यावर फायझर कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. रेणूने अपेक्षेप्रमाणे काम केले, तरी रुग्णाला त्याचा लाभ झाला नाही. संगणकाने सुचविलेल्या प्रत्येक नव्या औषधाला हीच कसोटी लागू आहे, आणि ती संगणकावर पार पाडता येत नाही.

जनुक-संपादनाचा मार्ग अधिक आशादायक दिसतो. जन्मानंतर गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनची निर्मिती थांबविणारी जनुकीय कळ निष्क्रिय केली तर ते हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागते. या तत्त्वावरील ‘कॅसगेव्ही’ उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने ८ डिसेंबर २०२३ रोजी मान्यता दिली. अमेरिकेतील त्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये ठरली. भारतात नवी दिल्लीच्या जीनोमिक्स व एकात्मिक जीवविज्ञान संस्थेने (सीएसआयआर-आयजीआयबी) स्वदेशी क्रिस्पर तंत्रावर आधारलेला ‘बिरसा १०१’ हा उपचार नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. त्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी तंत्रज्ञान हस्तांतरणाचा करार झाला. जनुकाच्या नेमक्या जागी कात्री चालावी व भलतीकडे चालू नये, हे आधी पडताळण्यासाठी अशा संशोधनात संगणकीय अनुमानपद्धती वापरल्या जातात. तरीही रुग्णाच्या मूळ पेशी काढणे, तीव्र औषधांनी अस्थिमज्जा रिकामी करणे आणि कित्येक आठवडे रुग्णालयात ठेवणे हा खर्च कात्री स्वस्त झाल्याने फारसा कमी होत नाही.

रुग्णाच्या दैनंदिन आयुष्यात फरक पाडणारे औषध आहे हायड्रॉक्सियुरिया. अमेरिकेत सिकलसेलसाठी त्याला १९९८ मध्येच मान्यता मिळाली. ते तुलनेने स्वस्त आहे आणि त्यानेही गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढते. अट एवढीच की मात्रा ठरविण्यासाठी रक्ताची तपासणी नियमितपणे व्हावी लागते. ज्या शेतमजुराला तपासणीसाठी एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते, त्याच्या दृष्टीने औषधाची किंमत गोळीच्या किमतीहून कितीतरी अधिक असते.

चाचणीचे गणित

राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे झाला. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत रोगाचे निर्मूलन ही त्याची उद्दिष्टे. २०२५ च्या मध्यापर्यंत ६ कोटींहून अधिक लोकांची तपासणी पूर्ण झाली. अशा व्यापक तपासणीत रक्तनमुन्याचे छायाचित्र पाहून विळ्याच्या आकाराच्या पेशी ओळखणाऱ्या प्रणाली उपयोगी पडतील, अशी अपेक्षा संशोधक बाळगून आहेत. तिचा विचार करताना एक साधे गणित मांडून पाहावे. समजा, १०० पैकी एका व्यक्तीला रोग आहे आणि प्रणाली रोगी व निरोगी या दोघांनाही ९५ टक्के वेळा अचूक ओळखते. १० हजार लोकांत १०० रोगी असतील. त्यांपैकी ९५ सापडतील. उरलेल्या ९,९०० निरोगी लोकांपैकी मात्र ४९५ जणांवर चुकून रोगी असल्याचा शिक्का बसेल. म्हणजे रोगी ठरलेल्या ५९० जणांपैकी खरे रोगी अवघे १६ टक्के. यास्तव प्राथमिक चाचणीनंतर हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी खातरजमेची चाचणी अपरिहार्य ठरते. वाहक असल्याच्या नुसत्या संशयाने मुलीचे लग्न मोडते, अशा समाजात या ४९५ जणांची चूक किरकोळ मानता येत नाही.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. भारतातील सिकलसेल जनुक बहुतांशी ज्या जनुकीय पार्श्वभूमीवर आढळते, तिला ‘अरब-भारतीय’ प्रकार म्हणतात. त्यात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन अधिक प्रमाणात टिकून राहते व रोग बहुधा सौम्य असतो. ‘बहुधा’ हा शब्द येथे महत्त्वाचा, कारण मध्य भारतात तीव्र स्वरूपाचे रुग्णही पुष्कळ आढळले आहेत. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांच्या नोंदींवर शिकलेली प्रणाली दुर्ग जिल्ह्यातील बालकाच्या पुढील आयुष्याविषयी काय भाकीत करील, हे त्यामुळे गृहीत धरता येत नाही. सुमारे १० हजार भारतीयांचे जनुकक्रम असलेला ‘जीनोम इंडिया’चा साठा ९ जानेवारी २०२५ रोजी संशोधकांना खुला झाला व तो फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात ठेवलेला आहे. ही मोठी उपलब्धी होय. मात्र जनुकक्रमाशेजारी त्या व्यक्तीच्या आजारपणाचा वर्षानुवर्षांचा वृत्तांत असल्याखेरीज तीव्रतेचे भाकीत शिकविता येणार नाही.

खर्च कोठे व्हावा

एखादी वस्तू स्वस्त झाली की तिच्या पूरक वस्तूची मागणी वाढते. चहा स्वस्त झाला तर साखर अधिक लागते. कृत्रिम बुद्धिमत्तेने अनुमान स्वस्त केले आहे; त्याच्या पूरक गोष्टी म्हणजे अचूक मोजमाप, स्थानिक नोंदी आणि दीर्घकालीन पाठपुरावा. टंचाई आता तेथे आहे. शासकीय तरतुदींकडे या नजरेने पाहिले पाहिजे. मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या इंडिया एआय अभियानाचा आराखडा सुमारे १०,३७२ कोटी रुपयांचा असून त्यातील मोठा वाटा संगणनक्षमतेसाठी आहे. ऑगस्ट २०२४ च्या ‘बायोई३’ धोरणाने जैवउत्पादनाला चालना देण्याचे ठरविले. आयआयटी भिलाईला राष्ट्रीय आंतरशाखीय सायबर-भौतिक प्रणाली अभियानातून जे तंत्रज्ञान केंद्र मिळाले, त्याचा विषय वित्तीय तंत्रज्ञान हा आहे. आरोग्यासाठीचे कृत्रिम बुद्धिमत्ता उत्कृष्टता केंद्र २०२४ मध्ये दिल्लीतील एम्स व आयआयटी यांच्याकडे सोपविण्यात आले. विषयांची अशी वाटणी प्रशासनाला सोयीची असली, तरी रुग्ण आणि संशोधक यांच्यातील अंतर तिने वाढते.

छत्तीसगडजवळ या कामासाठी एक जुनी ताकद मात्र आहे. २००२ मध्ये येथे सुरू झालेल्या ‘मितानिन’ या गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्तींच्या योजनेतून पुढे देशभरातील ‘आशा’ योजनेला प्रेरणा मिळाली. कोणत्या मुलाला कधी वेदना उठल्या, गोळ्या कोणत्या महिन्यात खंडित झाल्या, रक्त किती वेळा चढवावे लागले, हे मितानिन जाणते. ही माहिती नोंदविली गेली, तर ती वैयक्तिक माहितीच असेल. म्हणून २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आणि त्याच वर्षीची भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची आरोग्यक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे तिला लागू होतील. संमती कोणत्या भाषेत घेतली जाईल, नोंदीच्या वाढीव कामाचा मोबदला मितानिनला कोण देईल, आणि त्या नोंदींवर तयार झालेल्या औषधाच्या किमतीत दुर्ग जिल्ह्यातील रुग्णाचा हिस्सा कसा मानला जाईल, हे प्रश्न मात्र या दोन्ही दस्तऐवजांच्या कक्षेत पूर्णपणे सामावत नाहीत. प्रणाली विकत घेण्याच्या निविदा निघण्यापूर्वीच त्यांची उत्तरे करारांत लिहिली जावी लागतील.