जुना संगणक, नवी विंडोज

विंडोज १० ला मिळणाऱ्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. त्या दिवशी एकही संगणक बंद पडला नाही, दुसऱ्या दिवशीही सगळे नेहमीसारखेच सुरू झाले. म्हणूनच हा विषय पुढे ढकलला जातो. संग्रामपूरसारख्या तालुक्याच्या गावी, किंवा सोनाळा, पातुर्डा अशा मोठ्या गावांच्या ग्रामपंचायतीत आणि पतसंस्थेत, दाखले निघताहेत आणि पावत्या छापल्या जाताहेत तोवर यंत्राला कोणी हात लावत नाही.

दुरुस्ती थांबण्याचा अर्थ २०१७ साली जगाला कळला. विंडोजमधल्या एका फटीवर मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये दुरुस्ती दिली होती. ती ज्यांनी बसवली नाही, त्यांच्या यंत्रांत मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ हा विषाणू शिरला. जूनमध्ये ‘नॉटपेट्या’ने तीच फट वापरली आणि त्याचा फटका उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलला बसला. नॉटपेट्याजवळ पसरायच्या इतर वाटाही होत्या: जाळ्यातले एक यंत्र हाती लागले की त्यातले पासवर्ड चोरून तो शेजारच्या यंत्रांत जाई. म्हणून ‘आमच्या कचेरीत चोरण्यासारखे काय आहे’ हा युक्तिवाद लंगडा पडतो. असे विषाणू कचेरी निवडत नाहीत, उघडे दार शोधतात.

विंडोज ११ वाटेल त्या यंत्रावर चढत नाही. किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते, पण ही अट सहसा पार पडते. गाडी अडते ती पुढे. टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप, सिक्योर बूट चालवू शकणारी यूईएफआय पद्धतीची सुरुवात, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर, मोजके अपवाद वगळता, आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. आठवी पिढी बाजारात आली २०१७ च्या उत्तरार्धात. त्याआधी घेतलेले बहुतेक संगणक इथेच बाद होतात. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ चालवले की निकाल मिळतो. मात्र ‘टीपीएम नाही’ असे उत्तर आले म्हणून लगेच हार मानू नये. अनेक यंत्रांत ती सोय असते, पण बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल, तर तीही विंडोज १० मधल्याच एका साधनाने बदलता येते.

अटी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या दुकानात सर्रास सांगितल्या जातात. तसे यंत्र चालतेही, पण त्याला पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्यासाठी एवढा खटाटोप, तेच हातून निसटते. कंपन्या-संस्थांना विंडोज १० च्या जादा दुरुस्त्या विकत मिळतात: पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट, तेही तीनच वर्षे. एवढ्या पैशांत नव्या यंत्राचा विचार केलेला बरा. ज्या टेबलावर फक्त टंकलेखन आणि ईमेल चालते, तिथे लिनक्स हा खरा पर्याय आहे. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षे त्यावर चालतात आणि सी-डॅकने भारतीय भाषांसाठी ‘बॉस’ ही लिनक्स तयार केली आहे.

मराठी कचेरीची खरी परीक्षा मात्र विंडोज बसल्यानंतर सुरू होते. युनिकोडपूर्व काळातली पत्रे, ठराव आणि याद्या श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव अशा फॉन्टांत आहेत. त्यांत साठवलेली असतात प्रत्यक्षात इंग्रजी चिन्हे. फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट गेला की ग्रामसभेचा ठराव निरर्थक चिन्हांची रांग होऊन उभा राहतो. म्हणून जुने फॉन्ट आधी काढून जपावेत आणि नेहमी लागणारी कागदपत्रे युनिकोडमध्ये बदलून घ्यावीत. युनिकोडमध्येही एक खोच आहे. नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये ‘मंगल’ फॉन्ट असेलच असे नाही. मराठी भाषा जोडली किंवा देवनागरीचे पूरक फॉन्ट वेगळे उतरवले, की तो येतो. तोवर मजकूर दुसऱ्या फॉन्टात दिसतो, ओळी लांबतात आणि सहीची जागा तेवढी पुढच्या पानावर जाते.

विंडोज ११ केवळ ६४-बिट आहे. डॉसच्या काळातली फॉक्सप्रोवरची हिशेबप्रणाली एखाद्या पतसंस्थेने अजून जिवंत ठेवली असेल, तर ती तिथे सरळ चालणार नाही. डिजिटल सहीची किल्ली टोकनमध्येच असते, त्यामुळे फॉरमॅट मारल्याने ती पुसली जात नाही. पण टोकनचा ड्रायव्हर आणि सहीचे सॉफ्टवेअर पुन्हा बसवावे लागते. जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा ड्रायव्हर मिळतो का, हे आधीच पाहावे. इंटरनेट एक्सप्लोररशिवाय न उघडणारे एखादे संकेतस्थळ उरलेच असेल, तर एज ब्राउझरमध्ये त्यासाठी वेगळा मोड आहे.

प्रत्यक्ष कामात क्रम महत्त्वाचा. सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे. डिस्क कुलूपबंद करणारे बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. विंडोजची फाइल काही जीबींची असते, तेव्हा ती एकदाच उतरवून पेनड्राइव्हवर घेतली की सगळ्या यंत्रांना पुरते. काम अर्ध्यावर असताना वीज गेली तर यंत्र अडकून बसू शकते, म्हणून यूपीएसची बॅटरी आधी तपासावी. आहे त्या विंडोजवरूनच अपग्रेड केले, तर सहसा १० दिवसांच्या आत मागे फिरता येते. त्यामुळे महिनाअखेर किंवा मार्चअखेर टाळून, पुढचे काही दिवस कामाचा ताण नसेल असा मुहूर्त धरावा. एका यंत्रावर छपाई, सही आणि टंकलेखन नीट झाल्यावरच बाकीच्यांना हात घालावा.

जे यंत्र अपात्र ठरले आणि लिनक्सलाही नको झाले, ते सरकारी कचेरीत थेट भंगारात देता येत नाही. जडवस्तू नोंदवहीत त्याची नोंद असते. आधी निर्लेखनाची मंजुरी लागते. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्यापर्यंत पोचायला हवे. डिस्क मात्र त्याआधी काढून घ्यावी: फायली डिलीट केल्याने माहिती जात नाही, ती पूर्ण पुसावी लागते किंवा डिस्कच फोडावी लागते.