आयुष्याचा खर्च कशावर?

नाणेघाटाची जुनी वाट मुरबाडच्या बाजूने कातळातून वर चढते आणि जुन्नर तालुक्याच्या माथ्यावर येऊन थांबते. वाटेच्या तोंडाशीच एक गुहा आहे. पावसाळी रविवारी तिथे पुण्या-मुंबईच्या पोरांची एवढी झुंबड असते, की भिंतीवरच्या अक्षरांकडे पाहायला कुणाला सवड नसते. पण ती अक्षरं म्हणजे एका बाईने मांडलेला आयुष्याचा हिशेब आहे. बाई साधी नव्हती. ती सातवाहनांची राणी नागनिका, राजा सातकर्णीची पत्नी.

हा लेख साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. १८२८ साली विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने तो उजेडात आणला. पुढे ब्यूलर, मिराशी अशा विद्वानांनी त्यातल्या तुटक्या ओळी जुळवून वाचल्या. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपाल यांना वंदन आहे. मग यादी सुरू होते. अग्न्याधेय केला, राजसूय केला, अश्वमेध तर दोनदा केला. प्रत्येक यज्ञापुढे दक्षिणा लिहिलेली आहे. गाई हजारोंनी दिल्या, एके ठिकाणी दहा हजार एक. हत्ती, घोडे, गावं, कार्षापण नाणी, सगळं आकड्यांसकट. भारतातल्या अगदी जुन्या अंकचिन्हांचा अभ्यास करणाऱ्यांना या गुहेत यावंच लागतं, ते याच आकड्यांमुळे.

एवढ्या वैभवात एक जागा मात्र वेगळी आहे. राणी स्वतःविषयी सांगते, की ती महिना महिना उपवास करणारी आहे, घरात राहून तपस्विनीसारखी जगणारी आहे, यज्ञांची जाणकार आहे. यावरून ती तेव्हा विधवा असावी, असं अभ्यासक मानतात. कोकणातून देशावर येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याच्या नजरेला पडेल अशा ठिकाणी, आपण कोण होतो हे सांगायला तिने या तीन-चार गोष्टी निवडल्या. घराण्याचा अभिमान तर होताच. मागच्या भिंतीवर सिमुक सातवाहनापासून कुमारांपर्यंत सगळ्यांचे पुतळे होते. आज तिथे पायांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं एवढंच उरलं आहे.

आयुष्यात सगळ्यात मोलाचं काय, असा प्रश्न कुणाला विचारला तर बहुतेक जण छान छान उत्तर देतात. विचारणाऱ्याचं मन राखायचं असतं आणि स्वतःचंही. २०२१ साली अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने १७ प्रगत देशांतल्या लोकांना त्यांच्या आयुष्याला अर्थ कशामुळे येतो, ते आपापल्या शब्दांत सांगायला लावलं. १४ देशांत पहिलं उत्तर आलं ‘कुटुंब’. स्पेनमध्ये तब्येत वर आली, दक्षिण कोरियात आर्थिक स्थैर्य, तैवानमध्ये समाज. भारत त्या पाहणीत नव्हता. असता तरी उत्तर काय आलं असतं, याचा अंदाज बांधायला ज्योतिषी लागत नाही. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून चालू असलेला अभ्यास जास्त चिवट आहे. तिथे माणसांना एकदा प्रश्न विचारून सोडून दिलं नाही, दशकानुदशकं त्यांचा माग ठेवला. म्हातारपणी कोण सुखी आणि धडधाकट राहिलं, याचा धागा पैसा आणि नावलौकिकापेक्षा माणसांशी जोडलेल्या नात्यांपर्यंत जास्त ठामपणे पोचला.

शब्दांपेक्षा आणखी खरी साक्ष देणारी एक गोष्ट आहे, आणि ती म्हणजे खर्च. माणूस गाठीचा पैसा, अंगातला जोर आणि हाताशी असलेला वेळ कशावर घालवतो, हे पाहावं. त्या दृष्टीने जुन्नर आणि आंबेगाव हे दोन शेजारी तालुके म्हणजे दोन हजार वर्षांची उघडी वही आहे.

जुन्नर शहराभोवती शिवनेरी, तुळजा, मानमोडी आणि लेण्याद्री या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक लेणी आहेत. बहुतेक बौद्ध. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांवरून निघालेला माल नाणेघाटाने वर येऊन जुन्नरवरून पैठणकडे जाई, त्यामुळे गावात पैसा खेळता होता. तो पैसा डोंगरात मुरला. लेण्यांच्या भिंतींवर कोणी काय दिलं याचे छोटे छोटे लेख आहेत. राणीला अख्खी गुहा मिळाली होती. इथल्या माणसांच्या वाट्याला ओळ-दोन ओळी. नाव, गाव किंवा धंदा, बापाचं नाव, दान, संपलं.

इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परदेशी माणसाने, दोन पोढी दिल्या. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. चित नावाच्या दुसऱ्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. चंद नावाच्या तिसऱ्याने गर्भद्वार करवून घेतलं. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याने, लेखात ‘वर्ष ४६’ अशी नोंद करून, टाकं आणि मंडप दिला. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे आजच्या भाषेत धान्य व्यापारी संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि टाकं करून दिलं. लेण्याद्रीचं चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याचं. आणि सगळ्यांवर ताण म्हणजे अडुथुम नावाचा शक उपासक. त्याने वीस निवर्तनं जमिनीचं उत्पन्न करंजाची झाडं लावण्यासाठी आणि नऊ निवर्तनांचं वडाची झाडं लावण्यासाठी लावून दिलं. परक्या मुलखातून आलेला माणूस इथे वड लावायची कायमची सोय करतो. वडाची सावली धरायला किती वर्षं लागतात, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

या दानांमागे पुण्याची आस होती, संघाची भक्ती होती आणि थोडी मिरवण्याची हौसही असणारच. नाव कोरून घेतलं आहे ना! पण नाव ज्या वस्तूला चिकटवलं, ती पाहावी. पाणी, जेवायची जागा, बसायची जागा, सावली. परक्याला, वाटसरूला, भिक्षूला जे आधी लागतं तेच. दहा हजार एक गाईंचं पुढे काय झालं, कोण जाणे. टाक्यांमध्ये मात्र अजून पाणी साठतं.

लेण्याद्रीला जाणारे भाविक मोठ्या विहारात गिरिजात्मज गणपतीचं दर्शन घेतात. अष्टविनायकांतलं हे एकच देऊळ असं, की जे डोंगराच्या पोटात, मूळच्या बौद्ध विहारात आहे. देव बदलले, पण पायऱ्या चढून वर येणाऱ्याला टेकायला जागा हवी, ही गरज बदलली नाही.

पोटपाण्याच्या पलीकडेही माणूस खर्च करतो, आणि त्याचा पुरावा जुन्नर तालुक्यातच, पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावात मिळतो. गावाला तमाशापंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमाराला फडमालक इथे राहुट्या टाकतात आणि गावोगावचे यात्रेचे पंच ‘सुपारी’ ठरवायला येतात. घासाघीस बघण्यासारखी असते. ज्या गावात पाण्याच्या टँकरवरून भांडणं होतात, तेच गाव घरटी वर्गणी काढून एका रात्रीच्या तमाशासाठी मोठी रक्कम मोजतं. शहरी माणसाला ही उधळपट्टी वाटते. पण मुंबईला गेलेली पोरं, सासरी गेलेल्या लेकी आणि भाऊबंदकीत तोंड फिरवलेले चुलते वर्षातून एकदा एका मैदानात बसतात ते त्या रात्री. हार्वर्डवाल्यांनी हे मैदान पाहिलं असतं, तर त्यांना आपला निष्कर्ष नवीन वाटला नसता.

याच गावाचं नाव लावणाऱ्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांनी तर आयुष्यच फडावर खर्च केलं. बोर्डावर उभं असताना कळा सुरू झाल्या, पडद्यामागे जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या, ही त्यांची हकिकत महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. ती सांगताना लोक कौतुकाने मान डोलवतात. त्या मान डोलवण्यात थोडी लाज मिसळलेली असती तर बरं झालं असतं, कारण एका बाईला तसं उभं राहावं लागलं, यात फडाच्या पोटापाण्याची जबाबदारी होती आणि रसिकांचा हट्टही होता. १९५७ आणि १९९० साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. अखेरचा काळ मात्र ओढगस्तीत गेला. राज्य शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला तो त्या गेल्यानंतर. एखाद्याने आयुष्य कशाला वाहिलं आणि समाजाने त्याला काय परत दिलं, हे दोन वेगळे हिशेब आहेत. त्यांचा ताळा नेहमी जमतोच असं नाही.

घोडनदीच्या वरच्या अंगाला, आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, खर्च करायला पैसा कधी नव्हताच. इथे महादेव कोळी समाजाची वस्ती. खाचरात भात, उतारावर नाचणी-वरई आणि उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करून येणारी रोकड. डिंभे धरण झालं तेव्हा ज्या गावाचं नाव तालुक्याला आहे ते आंबेगावच पाण्याखाली गेलं. तालुक्याची कचेरी घोडेगावला, बाजार मंचरला आणि मूळ गाव जलाशयाच्या तळाशी, अशी स्थिती आहे.

भाताची खाचरं गेली, तेव्हा वरच्या उतारांवर नवी खाचरं काढायची होती. त्यासाठी इथली जुनी रीत होती, पडकई. भात घरात आल्यावर पुढचा पाऊस पडेपर्यंतच्या मोकळ्या दिवसांत काही कुटुंबं एकत्र येतात. आज याच्या उतारावर, उद्या त्याच्या. दगड फोडायचे, बांध रचायचे, माती सपाट करायची. मजुरी नाही, पाळी फिरते. एका घराला एकट्याने जन्मभर न उरकणारं काम चार घरं मिळून करतात. ‘शाश्वत’ या संस्थेने, आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या पुढाकाराने, या रीतीला बळ दिलं. धरणाचं पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनी कसायचा हक्क आणि जलाशयातली मासेमारी यांसाठीही लढा दिला. २०१२ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

दोनच वर्षांनी याच तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर आला.

३० जुलै २०१४ची सकाळ. आदल्या दिवसापासून पाऊस कोसळत होता. त्या रस्त्याने नेहमी जाणाऱ्या एसटीच्या चालकाला गाव असायला हवं तिथे चिखल दिसला आणि बाहेरच्या जगाला खबर लागली ती त्याच्यामुळे. चाळीसहून अधिक घरं गाडली गेली. १५१ माणसं गेली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान कितीतरी दिवस भर पावसात चिखल उपसत होते. गावाच्या कडेची शाळा वाचली. कारणांची चर्चा पुढे बरीच रंगली. अतिवृष्टी, जंगलतोड, डोंगराची झीज यांच्याबरोबर पडकईकडेही बोट दाखवलं गेलं. हाताने, हळूहळू होणाऱ्या पडकईच्या जागी उतारावर यंत्रं चढवून झालेलं सपाटीकरण अनेकांना खटकत होतं. पहार-फावड्याची पडकई डोंगराला विचारून होई, यंत्राला तशी सवड नसते, असं त्यातलं सार म्हणता येईल. अर्थात, एका कारणावर सगळा भार टाकणं सोयीचं असतं, म्हणूनच ते जपून करावं.

वाचलेल्या माणसांनी पुढे काय मागितलं, ते या विषयात सगळ्यात महत्त्वाचं आहे. पैशाचा धनादेश घेऊन मंचरला किंवा पुण्याला भाड्याने राहणं शक्य होतं. पण गाव पुन्हा गाव म्हणून, एकत्र, आपल्या शेतांच्या टप्प्यात वसावं, हा आग्रह राहिला. तोपर्यंत पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले. जागा निवडण्यात बराच काळ गेला, अखेर जवळच आमडे गावच्या हद्दीत नवं माळीण उभं राहिलं आणि २ एप्रिल २०१७ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. घरांबरोबर शाळाही आली. त्याच वर्षीच्या पहिल्या मोठ्या पावसात रस्ते खचले, भराव वाहिले, आणि लोक पुन्हा धास्तावले. दुरुस्त्या झाल्या. जुन्या जागी स्मृतिस्तंभ आहे, त्यावर गेलेल्यांची नावं आहेत. दर ३० जुलैला नातेवाईक तिथे जमतात.

१९ जुलै २०२३ रोजी रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा माळीणचं नाव पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आलं. सह्याद्रीच्या कुशीतल्या धोक्याच्या वाड्यांचा प्रश्न पुन्हा कागदांवर आला. सरकारी नजरेतून उत्तर सोपं दिसतं : जीव आधी, बाकी सगळं नंतर, तेव्हा उठा आणि खाली या. वाडीतल्या माणसाला जीव प्यारा नसतो असं नाही. पण खाली गेल्यावर खाचर कोण राखणार, हिरड्याची झाडं कुणाच्या ताब्यात जाणार, रानातल्या देवाला वर्षाचा नारळ कोण फोडणार आणि मिळणारी जागा चार घरं शेजारी शेजारी राहतील एवढी असेल का, हे प्रश्न त्याच्या लेखी जिवापासून सुटे काढता येत नाहीत. त्यामुळे बोलणी वर्षानुवर्षं चालतात. पावसाचा जोर वाढला की तलाठी आणि ग्रामसेवक फिरतात, कुटुंबं शाळेत किंवा समाजमंदिरात रात्रीपुरती येऊन राहतात, आणि उजाडलं की घरातलं एक माणूस छत्री-घोंगडं घेऊन गोठ्यातल्या जनावरांना वैरण टाकायला पुन्हा वर चढतं.