संगणकाचे दिवे काय सांगतात?

माझ्या पाहण्यातल्या एका शाळेची ही हकिकत. सहामाही परीक्षेच्या चार दिवस आधी संगणक कक्षातला एक संगणक बंद पडला. बटण दाबले की आतला पंखा फिरे, पण पडदा काळाच. "मदरबोर्ड जळाला असणार, नवा घ्यावा लागेल," असे दुरुस्ती करणाऱ्याने फोनवरच सांगून टाकले. इतक्यात नववीतल्या एका मुलीने कळफलकावरची 'नम लॉक' ही कळ दाबली. त्या कळीचा छोटा दिवा लागला. पुन्हा दाबली, तो विझला. "सर, संगणक चालू आहे, फक्त चित्र येत नाही," ती म्हणाली. तिचे बरोबर होते. पडद्याकडे जाणारी केबल मागच्या बाजूने निसटली होती.

तिने हे कशावरून ओळखले? तुम्हाला वाटेल, ती कळ आणि तो दिवा घरातल्या बटण व बल्बप्रमाणे थेट तारेने जोडलेले असतील. तसे नसते. कळ दाबल्याची वर्दी कळफलक संगणकाला देतो. प्रोसेसर ती वाचतो आणि 'दिवा लाव' असा हुकूम उलट कळफलकाला पाठवतो. मगच दिवा लागतो. म्हणजे तो लागला, तर प्रोसेसर जागा आहे आणि काम करतो आहे, हे नक्की.

संगणकावरचा प्रत्येक दिवा असा एखाद्याच गोष्टीची साक्ष देतो. ती गोष्ट कोणती, हे कळले की बिघाड कुठवर शोधायचा ते ठरते. चला, विजेच्या वाटेने निघू.

भिंतीवरच्या बोर्डाचा तांबडा इंडिकेटर लागला असेल, तर वीज बोर्डापर्यंत आली, एवढेच समजते. तिथून ती संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये, म्हणजे मागच्या बाजूच्या पोलादी पेटीत जाते. या पेटीवर बहुधा एक बटण असते. त्यावर उभी रेघ म्हणजे चालू आणि गोल म्हणजे बंद. झाडलोट करताना ते नकळत बंद होते आणि मग सारे हवालदिल होतात!

ही पेटी २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहापासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा एकदिश प्रवाह तयार करते. गंमत अशी, की संगणक 'बंद' असतानाही तिचा एक छोटा भाग जागाच असतो. तो मदरबोर्डला सतत ५ व्होल्ट पुरवतो. पुष्कळ मदरबोर्डांवर त्याची खूण म्हणून एक दिवा असतो. प्लग काढल्यावरही तो काही सेकंद मंद होत होत विझतो, कारण धारित्रांत साठलेला विद्युत्भार हळूहळू ओसरतो.

आता पुढचे बटण दाबा. हे बटण २३० व्होल्ट जोडत नाही. ते फक्त दोन बारीक तारा क्षणभर एकमेकींना टेकवते. त्यावरून मदरबोर्ड पेटीला 'पूर्ण पुरवठा सुरू कर' असा इशारा देतो. सारे व्होल्ट स्थिर झाले, की पेटी एका वेगळ्या तारेवरून 'वीज ठीक आहे' असे कळवते. हा निरोप येईपर्यंत प्रोसेसरला रोखून धरलेले असते. हे सारे एका सेकंदाच्या आत घडते.

येथे एक चूक हटकून होते. आतला दिवा लागला आहे, म्हणजे पॉवर सप्लाय चांगला आहे, असे आपण धरून चालतो. हिशेब करून पाहा. तांबड्या एलईडी दिव्याला सुमारे २ व्होल्ट आणि १० मिलिअँपिअर पुरतात, म्हणजे ०.०२ वॅट. उलट चालत्या संगणकाला शंभर वॅट सहज लागू शकतात. नळाला थेंब थेंब पाणी आले म्हणून हौद भरेलच असे नाही. बटण दाबताच पंखा जरासा हलून सारे दिवे विझले, तर पेटी अशक्त तरी आहे किंवा कुठेतरी शॉर्ट सर्किट झाल्याने तिने स्वतःचे रक्षण केले आहे.

उलट चूकही होते. एलईडी हा डायोड आहे. तो एकाच दिशेने प्रवाह जाऊ देतो. पुढच्या दिव्याच्या दोन तारा कुणी उलट लावल्या, तर संगणक उत्तम चालेल, पण दिवा लागणार नाही. म्हणून दिवा नसला तर पंख्याचा आवाज ऐका.

वीज पोचल्यावर संगणक स्वतःची तपासणी करतो. १९८१ साली आलेला आयबीएमचा वैयक्तिक संगणक सारे ठीक असल्यास एक छोटी 'बीप' वाजवी. आता अनेक मदरबोर्डांवर चार दिवे असतात: प्रोसेसर, मेमरी, चित्र दाखवणारा भाग आणि ज्या डिस्कवरून संगणक सुरू व्हायचा ती डिस्क. एकेक भाग तपासताना त्याचा दिवा लागतो व उत्तीर्ण झाला की विझतो. जो पेटलेलाच राहील, तिथे गाडी अडली. मेमरीचा दिवा राहिला, तर प्लग काढून, शिक्षकांच्या देखरेखीखाली, मेमरीची पट्टी खाचेतून काढून पुन्हा घट्ट बसवावी. अनेकदा एवढ्यानेच काम भागते. मात्र नवीन डीडीआर५ मेमरी बसवल्यावर पहिल्यांदा हा दिवा काही मिनिटेही राहू शकतो. तेव्हा घाई करू नका.

पॉवर सप्लायची पेटी मात्र कधीही उघडू नका. २३० व्होल्ट हे परिणामी मूल्य आहे. शिखरमूल्य २३० × १.४१४, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट असते. तेवढा दाब पेटीतल्या धारित्रात साठतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकू शकतो.

उद्या शाळेत एखादा चांगला चालणारा संगणक सुरू करताना वहीत टिपून ठेवा: कोणता दिवा आधी लागला, कोणता लुकलुकला, पडद्याचा दिवा कधी रंग बदलतो, 'नम लॉक' किती सेकंदांनी दाद देऊ लागते. तो बंद पडेल त्या दिवशी हे पान उघडा.