शंखाचं तोंड कुठल्या बाजूला?

नागपूरहून मुंबई रेल्वेने ८३७ किलोमीटर. म्हणून आमच्याकडच्या मुलांची समुद्राशी पहिली भेट बहुधा दिवाळीच्या सुटीतच होते आणि परतताना खिसे शिंपल्यांनी भरलेले असतात. यंदा मालवणकडे जाणार असाल, तर त्या वेचण्याला थोड्या जाणतेपणाची जोड द्या.

आधी पंचांग उघडा. भरतीचा कोकणी हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. भाऊबीज म्हणजे द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. दुपारी दीडच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी साडेसातच्या आसपास ओहोटी. अमावास्येचं उधाण अजून सरलेलं नसतं, त्यामुळे पाणी लांबवर आत जातं. शिंपले वेचायला याहून चांगली सकाळ नाही.

मालवणजवळच्या तारकर्लीहून होडीने कर्लीच्या खाडीतून देवबागच्या संगमाकडे निघायचं. अंगात लाइफ जॅकेट हवं आणि परतीची वेळ होडीवाल्याशी आधीच बोलून ठेवायची. नदी समुद्राला मिळते तिथे ओहोटीला वाळूचे पट्टे उघडे पडतात. त्या ओल्या वाळूत एखादा शिंपला असा सापडतो, की त्याला गोल, कडा उतरत्या असलेलं नेमकं भोक असतं. मुलींना वाटतं, माळेसाठीच पाडलंय. ते काम एका शिकारी गोगलगायीचं. आम्लाने कवच मऊ करायचं, कानशीसारख्या जिभेने कोरायचं आणि आतला जीव खायचा. एवढी हकिकत त्या एका भोकात असते.

शंख उचलला की आधी आत पाहा. आत पाय हलले, तर तो खेकड्याचा संसार आहे. जिथून उचलला तिथेच ठेवा. वेचायचं ते रिकामं, तेही मोजकं. काही मोठे शंख आणि महाशिंपले वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, म्हणून दुकानातले शोभेचे शंख घेण्याच्या फंदात पडू नये.

मग खेळ. ओल्या वाळूत बोटाने पंचवीस घरांचा अष्टाचंगा आखा. कवड्यांऐवजी चार सारखे शिंपले घ्या. चारही उताणे पडले तर चार, चारही पालथे पडले तर आठ. सोंगट्यांना रंगीत खडे. डाव भरतीच्या आत संपवायचा, नाहीतर पट पाण्यात जातो. मुलांना ती घाई फार आवडते.

घरी आल्यावर शंख मांडा: टोक वर, तोंड आपल्याकडे. बहुतेक सगळ्यांचं तोंड उजवीकडे दिसेल. आता नागपूरचा शंख आठवा. होय, नागपूरचाही आहे! स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी १८५५ साली नागपूर परिसराच्या भूगर्भावर निबंध प्रसिद्ध केला. त्याच परिसरात, शहरालगतच्या टाकळीला, लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात, गोड्या पाण्यातल्या गोगलगायींची कवचं दगड होऊन राहिली आहेत. ‘फायसा’ हे त्यांचं जुनं शास्त्रीय नाव. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट मधूनमधून थांबत, तळी साचत आणि त्यांत हे जीव नांदत. त्यांच्या कवचाचं तोंड मात्र डावीकडे असतं.

मुलाच्या हातात मालवणचा शंख द्या आणि टाकळीची ही गोष्ट सांगा. आपल्या गावाला समुद्र नाही, पण आपल्या पायाखालच्या दगडातही शंख आहेत, हे त्याला कळू द्या. पुढच्या सुटीत तो शंख वेचेल, तेव्हा तोंड कुठल्या बाजूला आहे, हे आधी पाहील.