दरमहा दीड हजाराला नकार

वसमत तालुक्यातलं कुरुंदा हे गाव महाराष्ट्राच्या कानावर आलं ते एका शिक्षकाच्या आडनावातून. नरहर कुरुंदकर नांदेडच्या खासगी शाळेत शिकवत, पुढे तिथल्याच पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. ते शाळेत शिकवत होते त्या काळी संस्थेने शिक्षकाला घरी बसवलं, तर दाद मागायला शाळा न्यायाधिकरण नावाची चीजच नव्हती. माध्यमिक शाळा संहिता होती, पण ती सरकारी सूचनांची, कायद्याचं बळ नसलेली. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला १९७७ मध्ये आणि अमलात आला १९८१ मध्ये. त्यानंतर वर्षभराच्या आतच, १० फेब्रुवारी १९८२ रोजी, कुरुंदकर गेले.

आज कुरुंद्यासारख्या गावातल्या खासगी शाळेतल्या शिक्षकालाही बडतर्फीच्या आदेशापासून ३० दिवसांत न्यायाधिकरणात अपील करता येतं. ते जिंकलं तरी एक प्रश्न उरतो. मधल्या वर्षांचा पगार कोण देणार?

या प्रश्नाचं उत्तर देशाला मिळालं ते मराठवाड्यातल्याच एका शिक्षिकेमुळे. 'दीपाली गुंडू सुरवसे विरुद्ध क्रांती कनिष्ठ अध्यापक महाविद्यालय' हा तो खटला. हकीकत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदलेली आहे. २००५ मध्ये औरंगाबाद महापालिकेने शाळेच्या इमारतीवर ७९,९७४ रुपयांचा कर लावला. संस्थेने तो कर्मचाऱ्यांकडून वसूल करायचं ठरवलं, प्रत्येकी दरमहा १,५०० रुपये. या शिक्षिकेने नकार दिला.

मग मेमो सुरू झाले. एक नाही, दोन नाही, पंचवीस. तिने सगळ्यांना उत्तरं दिली. १४ नोव्हेंबर २००६ रोजी निलंबन झालं. प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांनी ते मंजूर केलं नाही, तिला कामावर घ्या असं पत्रही दिलं. संस्थेने जुमानलं नाही. चौकशी समितीत तिच्या बाजूच्या प्रतिनिधीला बसूही दिलं नाही. १५ जून २००७ रोजी तिला सेवेतून काढून टाकलं.

२००९ मध्ये न्यायाधिकरणाने बडतर्फी रद्द केली आणि मागील पूर्ण पगार देण्याचा आदेश दिला. पुढे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानेही बडतर्फी बेकायदाच ठरवली. पगार मात्र काढून घेतला. मधल्या काळात आपण कुठे कमावत नव्हतो हे तिने सिद्ध केलेलं नाही, असं त्यामागचं कारण होतं. काम नव्हतं याचा पुरावा माणूस आणणार कुठून? दुसरीकडे नोकरी असेल तर नेमणूकपत्र असतं, पगारपत्रक असतं. बेकारीची पावती कुणी फाडत नाही.

इथे पूर्वनिर्णयांची गुंतागुंत समजून घ्यायला हवी, कारण सगळा खटला या गुंतागुंतीवरच फिरला. 'हिंदुस्तान टिन वर्क्स' खटल्यात १९७८ मध्येच सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं होतं, की बेकायदा काढलेल्या कामगाराला मागील पूर्ण पगार हाच नियम. कमी द्यायचा असेल तर तसं कारण हवं. त्या खटल्यात कारखान्याची आर्थिक अडचण पाहून ७५ टक्के पगार दिला गेला. २००७ मध्ये 'जे. के. सिंथेटिक्स' खटल्यात दोन न्यायमूर्तींनी सूर बदलला: कामावर परत घेतलं म्हणून पगार आपोआप मिळत नाही. पुढे हाच निकाल मालकपक्षाच्या हाती आला.

१२ ऑगस्ट २०१३ रोजी न्यायमूर्ती जी. एस. सिंघवी आणि व्ही. गोपाल गौडा यांनी तो पेच सोडवला. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने घालून दिलेलं तत्त्व दोघांच्या पीठाला डावलता येत नाही, म्हणून २००७ च्या निकालातली ती विधानं कायदा म्हणून ग्राह्य नाहीत. कर्मचाऱ्याने आपण बेकार होतो एवढं सांगावं. ते खोटं असेल तर सिद्ध करणं मालकाचं काम. नोकरी गेली की घरच्यांचंही अन्न आणि शिक्षण हिरावलं जातं, हेही त्या निकालात आहे. संस्थेने चार महिन्यांत पूर्ण पगार द्यावा, नाहीतर वर्षाला ९ टक्के व्याज, असा आदेश झाला.

संविधानाच्या अनुच्छेद १४१ नुसार हा दंडक देशातल्या सगळ्या न्यायालयांना लागू आहे, आणि तो शाळांपुरता राहिला नाही. अपघातानंतर बडतर्फ केलेल्या एस.टी.च्या एका चालकाच्या खटल्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच निकालाची दखल घेतली आणि त्याला ७५ टक्के मागील पगार दिला.

निकालांच्या या राशीत एक बारीक तपशील सहज नजरेतून सुटतो. शिक्षिकेच्या मूळ अपिलातल्या बाराव्या परिच्छेदात लिहिलं होतं, की काढल्या दिवसापासून ती बेरोजगार आहे. संस्थेने आपल्या म्हणण्यात ते नाकारलं नव्हतं. पूर्ण पगाराचा आदेश याच आधारावर उभा राहिला. म्हणून कुणावर अशी वेळ आलीच, तर प्रत्येक मेमोला लेखी उत्तर द्या, पोच जपून ठेवा, तीस दिवस चुकवू नका. आणि खरोखर काम नसेल, तर अपिलात ते वाक्य लिहायला वकिलाला आवर्जून सांगा.