वेगवान जुनी गाडी आणि घरचा जमाखर्च

व्यापारी घरात गाडीचा विषय निघाला की वडील प्रथम भाव विचारतात, आई मागच्या आसनावर बसून पाठीला आराम आहे का ते पाहते आणि मुलगा इंजिनच्या ताकदीचे आकडे सांगू लागतो. तिघेही एकाच गाडीबद्दल बोलत असतात; वह्या मात्र तीन असतात. अलीकडे या बोलण्यात एक नवा पर्याय वारंवार डोकावू लागला आहे. नव्या मध्यम गाडीच्या पैशांत चार-पाच वर्षे वापरलेली, परंतु अतिशय शक्तिमान गाडी घ्यावी आणि तीच रोज दुकानाला, पेढीवर, लग्नकार्याला वापरावी, असा तो विचार आहे. उत्तम माल निम्म्या भावात मिळतो असे ऐकले की व्यापाऱ्याच्या मनात आनंद आणि संशय एकदमच जागे होतात. या व्यवहारात दोन्ही उपयोगाचे आहेत.

भाव निम्मा का होतो, हे कोडे नाही. विमा कंपन्या गाडीचे मूल्य ज्या जुन्या कोष्टकाने ठरवीत आल्या, त्यात एक वर्ष पूर्ण झाल्यावर 20 टक्के, तिसऱ्या वर्षानंतर 40 टक्के आणि चौथे वर्ष उलटून पाचवे सुरू झाले की 50 टक्के घसारा धरला जातो. महागड्या गाड्यांचा बाजारभाव कित्येकदा याहूनही वेगाने उतरतो. पहिल्या मालकाने हा तोटा सोसलेला असतो आणि दुसऱ्याला त्याचा लाभ मिळतो. येथपर्यंतचा हिशेब कोणालाही पटेल. पुढचा हिशेब मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. घसारा गाडीला लागतो, तिच्या सुट्या भागांना लागत नाही. 36 लाखांची गाडी 18 लाखांना मिळाली, तरी तिचे ब्रेक, टायर, डँपर आणि गिअरबॉक्स 36 लाखांच्याच गाडीचे असतात आणि त्यांची किंमतही तशीच मोजावी लागते. या एका गोष्टीचा विसर पडल्यामुळे अनेक हौशी खरेदीदार वर्षभरात गाडी पुन्हा दलालाच्या अंगणात नेऊन उभी करतात.

उदाहरणासाठी महाराष्ट्राशी नाते असलेलीच एक गाडी घेऊ. स्कोडाची ऑक्टाव्हिया आर.एस. 2017 मध्ये भारतात आली, तेव्हा तिची जोडणी आजच्या छत्रपती संभाजीनगर येथील कारखान्यात होत असे. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, 230 अश्वशक्ती, सहा गिअरचा दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स आणि शोरूमची किंमत सुमारे साडेचोवीस लाख. शून्यापासून ताशी 100 किलोमीटरचा वेग ती सुमारे सात सेकंदांत गाठते. 2020 मध्ये आलेली 245 अश्वशक्तीची आवृत्ती पूर्ण तयार स्वरूपात आयात झाली. तिच्या केवळ 200 गाड्या होत्या आणि किंमत 36 लाखांच्या आसपास होती. पुढे 2023 मध्ये ऑक्टाव्हियाची येथील निर्मितीच थांबली. 2025 मध्ये नवी आर.एस. पुन्हा आली, तीही फक्त 100 आणि सुमारे 50 लाखांना. साहजिकच चांगल्या स्थितीतील जुन्या आर.एस.ला गिऱ्हाईक टिकून आहे.

व्यापाऱ्याला ही गाडी आवडण्याचे कारण तिच्या वेगापेक्षा तिच्या साधेपणात आहे. बाहेरून ती सरळ घरगुती गाडीच दिसते. मागचे दार काचेसह उघडते, डिकी 590 लिटरची आहे आणि तीत नमुन्यांच्या बॅगा, आजीची चाकांची खुर्ची आणि प्रवासाचे डबे सगळे मावते. मागे बसणाऱ्यांचे गुडघे पुढच्या आसनाला टेकत नाहीत. रोज वापरायच्या वेगवान गाडीत एवढे तरी हवेच. दोन दारांच्या देखण्या गाडीत सासऱ्यांना मागे बसवताना होणारी कसरत एकदा पाहिली की तिच्या सौंदर्याची किंमत कळते.

रोजच्या वापराचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र कोणी विचारतच नाही: रोज किती अंतर चालणार? दुकान घरापासून दोन किलोमीटरवर असेल तर अशी गाडी त्या कामाची नव्हे. टर्बो इंजिनचे तेल पुरेसे तापायला काही किलोमीटर लागतात. त्याआधीच गाडी बंद झाली, तर आत साचणारा ओलावा आणि काजळी बाहेर पडत नाही. इंजिन थंड असताना जोरात रेटणे हे तर त्याचे आयुष्य कापणेच होय. उलट इचलकरंजी ते कोल्हापूर किंवा निपाणी ते बेळगाव असा रोजचा मोकळा प्रवास असेल, तर तेच इंजिन वर्षानुवर्षे निमूट चालते.

इंधनाची धास्ती बहुधा वाजवीपेक्षा जास्त घेतली जाते. समजा, वर्षाला 9,000 किलोमीटर चालवायचे आहे आणि लिटरला 9 किलोमीटर पडतात; म्हणजे 1,000 लिटर पेट्रोल लागेल. लिटरला 18 किलोमीटर देणाऱ्या लहान गाडीला 500 लिटर पुरेल. फरक 500 लिटरचा, म्हणजे वर्षाला साधारण 50 हजार रुपयांचा. हा खर्च ठाऊक असतो आणि महिन्याच्या वहीत बसतो. घर हलवतो तो अचानक येणारा खर्च. दोन क्लचच्या गिअरबॉक्समधील नियंत्रण यंत्रणा बिघडली तर एकाच दुरुस्तीत लाखाच्या पुढे रक्कम जाऊ शकते. म्हणून खरेदीसाठी 18 लाख ठरवले असतील, तर 15 लाखांचीच गाडी शोधावी आणि उरलेले तीन लाख वेगळ्या खात्यात ठेवून त्यांना हात लावू नये. एवढे मागे ठेवता येत नसेल, तर ती गाडी परवडत नाही, असेच समजावे.

पाहणीचे काम गॅरेजमध्ये करावे. विकणाऱ्याच्या अंगणात, चहाच्या कपाबरोबर करू नये. गाडी रात्रभर बंद असताना सकाळी पहिल्यांदा सुरू करून पाहावी; तापलेले इंजिन पुष्कळ दोष झाकते. सर्व्हिसची बिले तारखेनुसार लावून किलोमीटरचा आकडा कुठे मागे सरकला आहे का, ते तपासावे. खतावणी जुळवणाऱ्या डोळ्यांना हे अवघड नाही. सहा गिअरच्या या गिअरबॉक्सचे क्लच तेलात चालतात, म्हणून सुमारे 60,000 किलोमीटरला त्याचे तेल बदललेले असले पाहिजे. बिल नसेल तर बदललेले नाही असे धरावे. थर्मोस्टॅटच्या प्लॅस्टिक आवरणाभोवती शीतकाची गळती होते का, तेही पाहावे. या इंजिनाच्या बाबतीत ही तक्रार सर्वपरिचित आहे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: 2321 म्हणजे 2021 सालचा 23वा आठवडा. चारही टायर एकाच कंपनीचे आणि मूळ वेगक्षमतेचे आहेत का, हेही तेथेच कळते. शक्तिमान गाडीला स्वस्तातले टायर लावलेले दिसले, तर त्या मालकाने आणखी कुठे कुठे काटकसर केली असेल, याची कल्पना येते. 245 आवृत्तीचे टायर 225/40 मापाचे. म्हणजे रिमच्या कडेला रबराची भिंत अवघी 90 मिलिमीटर. आपल्याकडचे खड्डे हे माप पाळत नाहीत. रिमला आतून तडा किंवा बाक आहे का, ते चाक काढूनच पाहावे.

आणखी एक तपासणी आवश्यक आहे. अशा गाड्यांचे संगणकीय नियंत्रण बदलून ताकद वाढवण्याची हौस पुष्कळ मालकांना असते. विकताना ते पूर्ववत करतात, पण गिअरबॉक्सने आणि क्लचने सोसलेला ताण पूर्ववत होत नाही. जाणकार तंत्रज्ञाकडून स्कॅन करून घेतल्यास काही खुणा सापडतात. केलेला बदल विमा कंपनीपासून लपवून ठेवणे तर अधिकच धोक्याचे. दावा नाकारायला तेवढे निमित्त पुरते.

आसनांचा प्रश्न आपल्या घरांत निघतोच. या श्रेणीतील बहुसंख्य गाड्यांत चामड्याची आसने असतात. काही कंपन्यांची कृत्रिम आच्छादने दिसायला तशीच असली, तरी त्यांत चामडे नसते. बीएमडब्ल्यूचे सेन्साटेक आणि मर्सिडीजचे आर्टिको ही त्यांपैकी. पण स्टिअरिंगचे आणि गिअरच्या दांड्याचे वेष्टन वेगळे असू शकते. म्हणून विकणाऱ्याच्या शब्दावर न विसंबता त्या विशिष्ट मॉडेलचे माहितीपत्रक पाहावे. जुनी गाडी घेतली म्हणजे नवे चामडे आपल्यासाठी आले नाही, असा युक्तिवाद तरुण मंडळी करतात. आजी-आजोबांना तो पटेलच असे नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांशी हे आधी बोलून घ्यावे, गाडी दारात आल्यावर नव्हे.

कागदपत्रांत व्यापारी सहसा चुकत नाहीत, तरी परराज्यातल्या गाडीचा मोह चुकवतो. दिल्ली परिसरात 10 वर्षांवरील डिझेल आणि 15 वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडचे भाव उतरलेले दिसतात. पण ती गाडी महाराष्ट्रात आणायची तर तिथल्या आर.टी.ओ.चे ना हरकत प्रमाणपत्र, येथे नव्याने वाहनकर आणि नवा क्रमांक, एवढे सोपस्कार करावे लागतात. मूळ राज्यातला कर परत मिळवण्याचे हेलपाटे वेगळेच. भावातला फरक येथेच संपतो. कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरवणारा फॉर्म 35 आणि हस्तांतरणाचे फॉर्म 29 व 30 हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाकडेच राहतो. विमा मात्र आपल्या नावावर लगेच करून घ्यावा.

गाडी पेढीच्या नावावर घ्यावी की घरच्या, हा आपल्या घरांतला खास प्रश्न. पेढीच्या नावावर घेतल्यास आयकरात दरवर्षी घटत्या शिलकीवर 15 टक्के घसारा मिळतो, पण घरगुती वापराचा भाग वगळावा लागतो. नोंदणीकृत व्यापाऱ्याने अशी गाडी विकली तर जीएसटी संपूर्ण किमतीवर लागत नाही, नफ्याच्या रकमेवर लागतो. जानेवारी 2025 पासून सर्व जुन्या गाड्यांसाठी हा दर 18 टक्के आहे. येथे नफा म्हणजे घसारा वजा जाता वहीत उरलेली किंमत आणि विक्रीची किंमत यांतला फरक. 25 लाखांची गाडी तीन वर्षांनी वहीत सुमारे 15 लाख 35 हजारांची उरते. ती 17 लाखांना गेली, तर 1 लाख 65 हजारांवर, म्हणजे सुमारे 29,700 रुपये कर. खऱ्या व्यवहारात आठ लाखांचा तोटा झालेला असतो. तरीही कर नफ्यावर द्यावा लागतो. घरच्या नावावरची, घसारा न मागितलेली गाडी विकताना हा प्रश्नच येत नाही.

उरतो तो मुलगा आणि त्याचा उजवा पाय. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाने गाडी एका सेकंदात 33 मीटर पुढे जाते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतर थांबायला लागणारे अंतर चौपट होते. ही गाडी 60 वरून 120 वर इतक्या निमूटपणे जाते की आतल्या माणसाला फरक जाणवत नाही. लहान गाडी निदान आवाज करून बजावते तरी. सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून जेवायचे आहे, म्हणून शेवटचे 20 किलोमीटर रेटत आणण्याची सवय अनेक घरांत आहे. त्यावर शक्तिमान इंजिन हा उपाय नव्हे. दुकानातून अर्धा तास आधी निघावे. वेगाची हौस असेल तर कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेसारख्या बंदिस्त ट्रॅकवर प्रशिक्षण घेता येते. तेथे दोन दिवस घालवलेला तरुण ब्रेक केव्हा आणि किती लावायचा, हे शिकून येतो.

गाडी घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात इंजिनचे तेल, फिल्टर आणि ब्रेकचे तेल बदलून घ्यावे, मागची नोंद काहीही असो. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते आणि दोन वर्षांत बदलावेच लागते; घाटात ते तापून उकळले तर पेडल खाली जाते आणि गाडी थांबत नाही. पेट्रोल 95 ऑक्टेनचे भरावे. आपल्या वर्षाच्या गाडीला 20 टक्के इथेनॉलचे मिश्रण चालते का, ते झाकणाच्या आतल्या चिकटपट्टीवर किंवा पुस्तिकेत पाहावे. आणि प्रत्येक बिल, अगदी हवा भरणाऱ्याकडून बसवलेल्या वॉल्व्हचेसुद्धा, एका फाइलमध्ये लावावे. चार वर्षांनी गिऱ्हाईक बोनेट उघडण्याआधी तीच फाइल मागेल.